सातव्या शुक्रवारचं पीठ

ज्या वर्षी गावात कुणालाच पोटभर मिळत नव्हतं, नेमक्या त्याच वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीनं उपास करायचं ठरवलं. आज सत्तरीला आल्यावरही मला ते आठवलं की डोकं तापतं. ओढा आटलेला, विहिरींच्या तळाशी गाळ, जनावरं छावणीत, आणि आमची बावीस घरांतली निम्मीअधिक माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडीचा कोरडा खाऊ मिळायचा, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. एवढ्यावर दिवस चालले होते. आणि एका रविवारी उपासना संपता संपता आमच्या पाळकसाहेबांनी चष्मा पुसत पुसत जाहीर केलं की पावसासाठी मंडळीनं सलग सात शुक्रवार उपासप्रार्थना करावी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काही खायचं नाही, पाणी चालेल. पाळकसाहेब सज्जन होते, हे आधीच सांगते. पण ते दिवसभर खुर्चीत बसून उपास करणार होते आणि लोक हातोडा चालवून, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही आणि कुणी आणूनही दिला नाही.

त्याऐवजी चर्चा झाली ती चहावर. चहा पाण्यात मोडतो का अन्नात, यावर पंचमंडळींनी भर उन्हात तासभर घालवला. पंचांतले सर्वांत वडील शिमोनकाका. त्यांचं म्हणणं पडलं की दूध नसेल तर चहा पाण्यातच धरावा, आणि तसंही दूध होतं कुणाकडं. मग प्रश्न निघाला सुकडीचा. शुक्रवारची सुकडी हातात पडली तर काय करायचं? ती घ्यावी आणि शनिवारी खावी, असा निवाडा झाला. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या गोदाकाकूंना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी आईला कुंपणापाशी थांबवून विचारलं, की तुमच्या उपासाला शाबुदाणा चालतो का, भगर चालते का. आई म्हणाली, काहीच चालत नाही. काकू म्हणाल्या, "मग त्याला शुक्रवार कशाला पायजे बाई? तसला तर आमी रोजच करतो."

आमचं घर देवळाच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. देऊळ म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, पण वस्तीत सगळे देऊळच म्हणायचे. बाहेर लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. ती वाजली की आमच्या फळीवरची भांडी हलकेच थरथरायची. बाबा शाळेत मास्तर. आई घरात. त्या वर्षीचा स्वयंपाक म्हणजे मिलोची भाकरी. जिनं ती केली नाही तिला सांगून कळणार नाही. पीठ लाल, त्याला चिकटपणा नावाला नाही, थापताना कडा फाटणार, तव्यावर टाकताना दोन तुकडे होणार, आणि ताटात येईपर्यंत चार. आई गरम पाण्यात पीठ मळून मळून ती कशीबशी एकसंध आणायची. सोबत लाल मिरचीचा ठेचा. मी रोज तोंड वाकडं करायचे आणि रोज खायचे.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या आईला खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही, त्याचा आम्हाला फार जाच होता. बाबा दुपारी आडवे झालेले असले आणि कुणी दारात आलं, तर बाबा आतून खूण करायचे, नाही म्हणून सांग. आई दारात जाऊन सांगायची, "हायेत घरात. पडल्यात. भेटायचं न्हाई म्हणत्यात." मग बाबांना चुळबुळत बाहेर यावं लागायचं. देव बघतो, हे बाकीचे रविवारी म्हणायचे. हिला ते आठवड्याचे सातही दिवस खरं वाटायचं.

आणि अशा बाईशी माझी मार्थाआत्या दोन वर्षं बोलत नव्हती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, आवाज असा की रुळाच्या तुकड्याची गरज पडू नये. आईला ती पूर्वी प्रेमानं वैनी म्हणायची. आजी, म्हणजे बाबांची आणि आत्याची आई, शेवटचं वर्षभर आमच्याकडं अंथरुणावर होती. बोलणं गेलेलं, हात उचलत नव्हता, चमच्यानं पाणी पाजावं लागायचं. एका दुपारी आत्या तिच्यासाठी पेज घेऊन आली, तर घरात चिटपाखरू नाही, आजी गेलेली, ओठ कोरडे, आणि पाण्यानं भरलेला तांब्या हात पोचणार नाही अशा अंतरावर. आई धुणं घेऊन ओढ्यावरून परतली ती आत्याच्या आरोळ्यांतच. "माझी आई पाण्यावाचून मेली, हिनं मारली," असं आत्या साऱ्या वस्तीला सांगत होती. आई एक शब्द बोलली नाही. बाबा बायकोच्या बाजूनं बोलले नाहीत आणि बहिणीच्याही नाहीत. बघू, म्हणाले. बाबांचं सगळं आयुष्य बघू म्हणण्यात गेलं.

आता खरं काय ते. त्या दुपारी आजीपाशी मला बसवलेलं होतं. आई ओढ्यावर जाताना मला सांगून गेली होती, दर थोड्या वेळानं चमचाभर पाणी घाल, उठू नकोस. मी तेरा वर्षांची होते. देवळात नाताळच्या गाण्यांची तयारी चालली होती, पेटीचे सूर घरात ऐकू येत होते, आणि मधल्या कडव्यात मला एकटीला गायचं होतं. पाच मिनिटांत येते म्हणून मी गेले. पाच मिनिटांचा तास झाला. आत्याची आरोळी ऐकून मी धावत आले आणि गर्दीत मिसळले, आणि सगळ्यांना वाटलं ही सकाळपासून देवळातच होती. कुणी विचारलं नाही. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, नंतर कधीही, तिनं त्यावर चकार शब्द काढला नाही. रागावली असती, दोन धपाटे घातले असते, तर मी मोकळी झाले असते. तिनं तेही केलं नाही. आजी तशीही जायला टेकलेली होती, हे मी स्वतःला दोन वर्षं सांगत होते, आणि अजूनही अधूनमधून सांगते.

सहा शुक्रवार कसेबसे पार पडले. माणसं कामावरून चारच्या सुमाराला थेट देवळात यायची, केसांत दगडाची पांढरी भुकटी, हाताला चिंध्या बांधलेल्या. सतरंज्यांवर बसून गाणी व्हायची, मग गुडघ्यांवर प्रार्थना. रिकाम्या पोटी गायलं की आवाज वर चढतच नाही. तिसऱ्या शुक्रवारी एक बाई प्रार्थनेत घेरी येऊन पडली, तर शेजारणीला वाटलं तिच्यावर पवित्र आत्मा उतरला, आणि तिला पाणी द्यायचं सोडून सगळ्या अधिक मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. आई सतरंजीच्या एका कडेला, आत्या दुसऱ्या. मधे सगळी मंडळी. दिवस मावळला की घंटा व्हायची आणि जो तो आपापल्या घरी जाऊन मिलो खायचा.

सातव्या शुक्रवारसाठी मात्र पाळकसाहेबांनी एक जुनी रीत उकरून काढली. फार पूर्वीच्या पाळकांच्या काळी म्हणे उपासाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक घरानं मूठभर पीठ आणायचं, ते एकाच परातीत पडायचं, बायकांनी एकत्र मळायचं, आणि त्याच भाकरी सगळ्या मंडळीनं मोडायच्या. रीत चांगलीच आहे, मला आजही आवडते. पण तिला एक अट होती. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी अढी आहे त्यानं आधी समेट करायचा, मगच मूठ सोडायची, आणि सगळ्या घरांचं पीठ पडल्याशिवाय चूल पेटवायची नाही. ही अट वाचून दाखवताना पाळकसाहेबांनी आईकडं आणि आत्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असावं, भुकेनं तरी दोघी एकत्र येतील. साठ माणसांची भूक त्यांनी दोन बायकांच्या भांडणावर लावली.

त्या संध्याकाळी नावं वाचायला सुरुवात झाली. मंडळीत जी सर्वांत जुनी तिचं नाव पहिलं, म्हणजे मार्थाआत्याचं. तिनं ताठ मानेनं जाऊन मूठ सोडली. मग एकेक घर. दहावं की अकरावं नाव आमचं. बाबा तेवढ्यात बाहेर चुलीचं सरपण बघायला गेले होते, हे सांगायला नकोच. आई पदरात पीठ घेऊन उठली, आणि आत्या परातीच्या आणि तिच्या मधे येऊन उभी राहिली.

"हिचं पीठ ह्यात पडणार असंल," आत्या म्हणाली, "तर माझं काढून द्या."

आता मिसळलेलं पीठ कसं काढून देणार? पण आमची मंडळी अशी, की हा प्रश्न तिनं खरोखर विचारात घेतला. शिमोनकाकांनी परातीच्या कडेची एक मूठ उचलून आत्यापुढं धरली. आत्यानं ती बोटानं चोळून पाहिली आणि सांगितलं, हे माझं नव्हे, माझं बारीक दळलेलं होतं. साऱ्या गावाचं पीठ त्याच रेशनच्या मिलोचं, त्याच एका गिरणीतलं. तरी काकांनी दुसऱ्या बाजूनं मूठ काढली. तीही तिला पटली नाही. एका पंचानं सुचवलं की सगळंच पीठ ज्याचं त्याला परत देऊन पहिल्यापासून सुरुवात करावी. दुसरा म्हणाला, मग ते मोजून द्यावं लागेल. बाहेर दिवस बुडाला होता, कंदील लागले होते, खडी फोडून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती, लहान पोरं रडून रडून झोपली होती, आणि आमचे कारभारी परातीभोवती उकिडवे बसून पीठ चिवडत होते.

शेवटी पाळकसाहेब उठले. शास्त्रात काय सांगितलंय ते त्यांनी सांगितलं, की वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथं भावाचं मन आपल्याविषयी दुखावलेलं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करून यावं. मग ते आईकडं वळले. "सुमतीबाई, दोन शब्दांचं काम आहे. चुकलं म्हणा, आणि मोकळ्या व्हा."

"माज्याच्यानं ते म्हणवत न्हाई, पाळकसाहेब," आई म्हणाली. "आमचं पीठ ऱ्हाऊ द्या. आमी घरी जातो. तुमी सगळी जेवा."

त्या संध्याकाळी देवळात बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं, आणि ते कुणालाच पटलं नाही. एक घर गळालं तर सातही शुक्रवार वाया गेले, असं पाळकसाहेब म्हणाले. मग कुजबूज सुरू झाली. एवढा कसला ताठा म्हणायचा हा. मास्तराची बायको ना, गर्व आहे. आणि मग मागून, भिंतीपाशी बसलेल्या माणसांतून एक आवाज आला. कुणाचा ते मला माहीत आहे, पण तो गेला आणि त्याची नातवंडं माझ्या हाताखाली शिकली, तेव्हा नाव नको. तो म्हणाला, "हिच्यापायीच पाऊस अडलाय."

कुणी त्याला गप्प केलं नाही. उलट दोनचार माना हलल्या. हे लोक उद्या आईशी बोलणार नाहीत, हिला विहिरीवर पुढं येऊ देणार नाहीत, हे मला पंधराव्या वर्षीही लख्ख कळलं. आई पदरातलं पीठ धरून तशीच उभी होती. ती चुकलं म्हणणार नव्हती, कारण ती चुकली नव्हती. आणि कोण चुकलं ते ती सांगणार नव्हती. तिचं तोंड दोन्हीकडून बंद होतं, आणि किल्ली माझ्याकडं होती.

मी उठले. "पाळकसाहेब," मी म्हणाले, "त्या दिवशी आजीजवळ..."

"खाली बस," आई म्हणाली.

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मी बसले. एवढ्या पटकन बसले की आठवलं तरी लाज वाटते. आई दोन पावलं पुढं गेली, आणि हात जोडायला मोकळे नव्हते म्हणून नुसती मान खाली घालून आत्यासमोर उभी राहिली.

"वन्सं, माजं चुकलं," ती म्हणाली. "म्हातारीला एकटं टाकून मी गेले. तिच्याजवळ कुनाला बशिवलं न्हाई. मला माफ करा."

आत्यानं आईला मिठी मारली आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. दोघींच्या मधे ते पीठ सांडलं, निम्मं परातीत, निम्मं सतरंजीवर. मंडळीनं आमेन म्हटलं, पाळकसाहेबांनी डोळे पुसले, कुणीतरी पेटीवर स्तुतीचं गीत धरलं. बाबा सरपण घेऊन आत आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. बायका कामाला लागल्या. अंगणात तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या, आणि आत्यानं स्वतः पीठ मळलं. त्या भाकरी तुटल्या नाहीत, असं लोक पुढं वर्षानुवर्षं सांगायचे. तुटल्या होत्या. मिलोच्या होत्या, तुटणारच. मी दोन खाल्ल्या. लिहिणाऱ्या माणसानं इथं घास घशाखाली उतरला नाही असं लिहायचं असतं, पण मला भूक लागली होती.

पाऊस त्यानंतर आला नाही. आला तो पुढच्या सालात, उपास करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्या रानात सारखाच. तरी मंडळीत हिशेब पक्का झाला की सुमतीबाई नमली म्हणून देव पावला. आत्या तर दर वर्षी उपासाच्या सभेत साक्ष द्यायला उभी राहायची. माझी वैनी कशी चुकली होती, माझं काळीज कसं दगड झालं होतं, आणि परातीपुढं प्रभूनं दोघींना कसं मऊ केलं. सांगता सांगता दर वर्षी रडायची. आई समोर सतरंजीवर बसून ऐकायची. आत्या तिच्यावर मनापासून माया करू लागली होती, हेच त्यातलं सगळ्यात अवघड. सणासुदीला डबा पाठवायची, आईच्या पायाला गाठ आली तेव्हा महिनाभर येऊन शेकत बसली.

मी एकदाच विषय काढला. उपासानंतर आठदहा दिवसांनी, आई भांडी घासत होती तेव्हा. का खोटं बोललीस, म्हणून विचारलं. माझ्या विचारण्यात राग होता, कशाचा ते देव जाणे.

"पोरं उपाशी हुती," ती म्हणाली. मग तांब्या पालथा घालत म्हणाली, "आन मला आता कितीसं ऱ्हायचंय? तुला ह्याच लोकांत जलम काढायचाय."

मी म्हणाले, मी आत्याला जाऊन सांगते. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "आता सांगितलंस तर मी देवळात उभी ऱ्हाऊन खोटं बोलले, हे चारचौघांत उघडं पडंल. ते मला झेपायचं न्हाई. गप ऱ्हा." मला हे कारण फार सोयीचं पडलं. मी ते घट्ट धरून ठेवलं. आत्या गेली तोपर्यंत धरून ठेवलं.

आईला अजून बरंच राहायचं होतं. ती एकतीस वर्षं जगली. मी तिथंच शाळेत शिकवायला लागले, लग्नही वस्तीतच झालं, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी खायच्या वेळी, मी तिच्या शेजारीच बसायचे. त्या उपासानंतरचा पहिलाच प्रभुभोजनाचा रविवार मला आठवतो. भाकरीच्या तुकड्यांची थाळी हातोहात आमच्यापर्यंत आली. आईनं ती घेतली, मान खाली घातली, आणि तुकडा न उचलता थाळी माझ्याकडं दिली. मला वाटलं, तिला बरं नसेल. पुढच्या महिन्यातही तसंच. मग दर महिन्याला. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर मन तयार नाही म्हणाली. ते बदलून गेले, दुसरे आले, त्यांनाही तेच सांगितलं. जो खोटं बोलून आलाय त्यानं त्या भाकरीला हात लावू नये, असं तिचं तिनं ठरवलं होतं. आत्या लोकांना सांगायची, बघा किती लीन आहे, अजून स्वतःला लायक समजत नाही. तरुण मुलींना आईचं उदाहरण दिलं जायचं.

एकतीस वर्षं, दर पहिल्या रविवारी, आई तुकड्याला न शिवता ती थाळी पुढं करायची. आणि मी तिच्या हातातून थाळी घेऊन, सगळ्यांच्या देखत, माझा तुकडा उचलून खायचे.